जुन्या घरांची सुरक्षा : तारेची यंत्रणा की बिनतारी?

पुण्याच्या पेठांमधील वाडे, गिरगाव-दादरच्या चाळी, कोकणातील जांभ्या चिऱ्यांची घरे किंवा नागपूर-नाशिककडील पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे बंगले बांधले गेले, तेव्हा राखणीचा विचार बांधकामातच झालेला होता. भक्कम दार, आतून अडसर, खिडक्यांना गज आणि मुख्य म्हणजे घरात सदैव असणारी माणसे. दिवसाच्या कोणत्याही प्रहरी ओसरीवर कोणीतरी असायचेच. त्यांपैकी दार आणि अडसर आजही शिल्लक आहेत. माणसे मात्र पांगली. कित्येक घरांत दोन वृद्ध तेवढे राहतात, तर कित्येक घरे गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात. साहजिकच अशा घरांत अलार्म आणि कॅमेरे बसवण्याकडे कल वाढला आहे.

यंत्रणा घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न पुढे येतो तो तारेची घ्यावी की बिनतारी, हा. विक्रेत्याकडे जी असेल ती उत्तम, असे उत्तर बहुधा मिळते. नव्या सदनिकेत या प्रश्नाला फारसे महत्त्व नसते, कारण तेथे भिंतींत वायरींसाठी नळ्या आधीच टाकलेल्या असतात. जुन्या घरात मात्र भिंत, लाकूड, वीज आणि राहणारी माणसे या चार गोष्टी पाहिल्याशिवाय निवड केली, तर एक तर वास्तूला कायमची इजा होते किंवा यंत्रणा काही महिन्यांत बंद पडते. बंद पडलेली यंत्रणा ही यंत्रणा नसण्यापेक्षा घातक, कारण घरातली माणसे तिच्या भरवशावर निर्धास्त झोपलेली असतात.

दोन पद्धतींतील फरक

घरफोडीची सूचना देणारी विजेची यंत्रणा नवी नाही. दार-खिडकी उघडताच घंटा वाजवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये घेतले होते. तारेच्या यंत्रणेचे तत्त्व आजही फारसे बदललेले नाही. दाराच्या चौकटीवर चुंबकाने चालणारा छोटा स्विच आणि दाराच्या फळीवर चुंबक बसवतात. दार बंद असेपर्यंत तारेतून बारीकसा प्रवाह अखंड वाहतो. दार उघडले की तो तुटतो आणि पॅनेल सायरन वाजवते. तारेच्या शेवटच्या टोकाला ठराविक मूल्याचा रेझिस्टर जोडलेला असेल, तर कोणी तार कापली किंवा दोन तारा एकत्र जोडून फसवण्याचा प्रयत्न केला तरी पॅनेलला ते कळते. हा रेझिस्टर पॅनेलच्या पेटीत नव्हे, तर सेन्सरजवळ बसवलेला हवा. घाईत काम उरकणारे कारागीर तो पेटीतच ठेवतात आणि त्याचा उपयोगच संपतो.

बिनतारी यंत्रणेत स्विच आणि चुंबक तेच असतात. फक्त तारेऐवजी रेडिओलहरी निरोप नेतात. प्रत्येक सेन्सरला स्वतःची बॅटरी असते. चांगल्या प्रतीचा सेन्सर ठराविक काळाने ‘मी जागा आहे’ असा संदेश पॅनेलला पाठवत राहतो आणि तो आला नाही की पॅनेल तक्रार करते. स्वस्त संचांत ही सोय नसते. तेथे बॅटरी संपलेला सेन्सर आणि शांतपणे काम करणारा सेन्सर यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही.

भिंतीचा कौल

वाड्यांच्या तळमजल्याच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या असणे सामान्य आहे. दगड, विटा, पांढरी माती आणि चुन्याचा गिलावा अशी त्यांची घडण असते. अशा भिंतीत वायरीसाठी खाच मारणे म्हणजे केवळ रंग खराब होणे नव्हे. जेथे छताचा भार भिंतीवरच असतो, तेथे लांबलचक आडवी खाच भिंतीची ताकद कमी करते. खाच बुजवताना चुन्याऐवजी सिमेंट वापरले, तर भिंतीतील ओल बाहेर पडण्याची वाट अडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत आजूबाजूचा जुना गिलावा फुगून सुटू लागतो. सागवानी चौकटीला पाडलेले भोक तर भरून येतच नाही.

याचा अर्थ बिनतारी यंत्रणा आपोआप योग्य ठरते, असे मात्र नाही. वाय-फाय प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते. जाड भिंत ओलांडताना या लहरी क्षीण होतात आणि भिंत पावसाळ्यात ओलावली की आणखी क्षीण होतात. उन्हाळ्यात व्यवस्थित चालणारा मागच्या पडवीतला कॅमेरा ऑगस्टमध्ये वारंवार ‘ऑफलाइन’ दिसतो, त्यामागे हे एक कारण असू शकते. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, गिलाव्यातील जाळी हे लहरींचे आणखी अडथळे. त्यामानाने कमी कंप्रतेच्या लहरी भिंतीतून अधिक चांगल्या जातात. भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला आहे. जाड भिंतींच्या घरात अलार्मचे सेन्सर वाय-फायवर चालणारे घेण्यापेक्षा या पट्ट्यातील घेणे हिताचे.

येथे परदेशी स्थायिक झालेल्या मुलांसाठी एक सूचना. अमेरिकेतून येताना आईवडिलांसाठी सुरक्षा संच आणण्याची पद्धत आहे. तेथील पुष्कळ उपकरणे ९०० मेगाहर्ट्झच्या पुढील अशा कंप्रतांवर चालतात, ज्या भारतात मोबाइल सेवेच्या पट्ट्यात येतात. असे उपकरण येथे वापरणे नियमाला धरून नाही, आणि त्याचा जोडीदार सेन्सर नंतर येथील बाजारात मिळतही नाही. संच येथेच घ्यावा.

लाकूड, पाऊस आणि उंदीर

पावसाळ्यात जुनी दारे फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. चौकट आणि फळी यांतील फट ऋतूनुसार कमी-जास्त होते. चुंबक आणि स्विच यांच्यामध्ये साधारण दीड-दोन सेंटिमीटर अंतर चालेल अशी सामान्य सेन्सरची मर्यादा असते. दार जरासे ओढले गेले की खोटा अलार्म वाजतो. त्यासाठी अधिक अंतर चालणारे सेन्सर मिळतात आणि जुन्या दारांना तेच बसवावेत. दारावर लोखंडी पट्ट्या किंवा मोठे खिळे असतील तर चुंबकाचा प्रभाव कमी होतो, म्हणून जागा आधी तपासून घ्यावी. दोन पाखांच्या दारांसाठी मात्र बिनतारी सेन्सर सोयीचा. एका पाखावर सेन्सर आणि दुसऱ्यावर चुंबक बसवला की कोणतेही पाख हलले तरी सूचना मिळते आणि चौकटीला धक्का लागत नाही.

तारेचा जुन्या घरातील शत्रू म्हणजे उंदीर. माळ्यावरून, कडीपाटावरून किंवा कौलांखालून मोकळी टाकलेली वायर ते कुरतडतातच. वायर टणक नळीतून किंवा धातूच्या लवचीक वेष्टनातून न्यावी. नळी भिंतीत न गाडता तुळईच्या कडेने, लाकडी पट्टीच्या आडून किंवा जुन्या वायरिंगच्या मार्गाने नेली आणि लाकडाच्या रंगात रंगवली, तर ती सहसा नजरेत येत नाही. विजेच्या मुख्य वायरी आणि अलार्मच्या वायरी मात्र एकाच नळीत कधीही घालू नयेत.

माणसाची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरचेही आपल्या हवामानाशी नाते आहे. हा सेन्सर शरीराची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतील फरक ओळखतो. विदर्भात मे महिन्यात बंद खोलीचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ पोहोचते, तेव्हा हा फरकच उरत नाही आणि सेन्सरची नजर मंदावते. तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारा सेन्सर घ्यावा आणि उन्हाळ्यात भर दुपारी चालून पाहून त्याची चाचणी करावी. काचेवर बसणारी पाल, कोळ्याचे जाळे आणि रात्री फिरणारे मांजर ही खोट्या अलार्मची नेहमीची कारणे आहेत. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने सेन्सर पुसणे, हा त्यावरचा साधा उपाय.

वीज गेली तर?

यंत्रणा तारेची असो वा बिनतारी, पॅनेलला वीज लागतेच. अलार्मच्या पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. पॅनेल आणि सेन्सर मिळून ०.३ अँपिअर वीज घेत असतील, तर कागदावर ही बॅटरी २३ तास चालते. जुनी झाली की त्याच्या निम्मीही चालत नाही. कॅमेऱ्यांचे गणित निराळे आहे. प्रत्येकी ५ वॉटचे चार कॅमेरे आणि १५ वॉटचा रेकॉर्डर म्हणजे ३५ वॉट झाले. हीच बॅटरी त्यांना जेमतेम दोन-अडीच तास पुरेल. म्हणून कॅमेरे असतील तेथे ते घरच्या इन्व्हर्टरवर घेणे आवश्यक आहे, आणि इंटरनेटचा राउटरही त्याच इन्व्हर्टरवर हवा. राउटर बंद पडला की चालू कॅमेऱ्याचाही निरोप बाहेर जात नाही.

तारेच्या कॅमेऱ्यांसाठी आता एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेण्याची सोय आहे. तिला ‘पॉवर ओव्हर इथरनेट’ म्हणतात. तिचे पहिले प्रमाणित मानक २००३ मध्ये आले. केबलची लांबी १०० मीटरपर्यंत चालते. प्रत्येक कॅमेऱ्याजवळ विजेचा पॉइंट काढावा लागत नसल्याने जुन्या घरांना ही पद्धत विशेष मानवते. केबल शुद्ध तांब्याची आहे, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नाही, याची खात्री मात्र करून घ्यावी. दिसायला दोन्ही सारख्याच असतात. लांब अंतरावर दुसरी दगा देते.

ज्या घरात अजून लाकडी पट्ट्यांवरचे जुने वायरिंग आहे आणि अर्थिंग नाही, तेथे यंत्रणेआधी विद्युत ठेकेदाराला बोलवावे. लाकडाचा भरपूर वापर असलेल्या घराला शॉर्टसर्किटमुळे लागणारी आग चोराइतकीच, किंबहुना अधिक भीतिदायक. कोणतीही यंत्रणा घेतली तरी तिला धुराचा एक तरी सेन्सर जोडावा. तसेच खिडक्यांना जाळ्या लावताना एक जाळी आतून उघडता येईल, अशी ठेवावी. चोराला बाहेर ठेवण्यासाठी माणसांना आत कोंडून चालणार नाही.

कोणत्या घराला काय?

पेठेतील वाडा : मुख्य दार, मागचे दार आणि पॅनेल एवढ्यापुरती तार टाकावी. ती तुळईच्या कडेने नेता येते. माडीवरच्या खोल्या आणि खिडक्या यांना कमी कंप्रतेचे बिनतारी सेन्सर बसवावेत. तारेचे आणि बिनतारी असे दोन्ही सेन्सर जोडता येणारे पॅनेल बाजारात मिळते. जुन्या घरासाठी त्याचाच आग्रह धरावा.

चाळ आणि मुंबईतील जुनी इमारत : ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींत अनेक रहिवासी भाडेकरू आहेत आणि पुनर्विकासाची टांगती तलवार कायम असते. जी यंत्रणा स्क्रूने किंवा चिकटपट्टीने बसते आणि नव्या जागी बरोबर नेता येते, ती बिनतारी यंत्रणा येथे शहाणपणाची. कॅमेरा सामाईक गॅलरीत लावायचा असेल तर शेजाऱ्यांची संमती घ्यावी आणि समोरच्या घराचे दार चौकटीत येणार नाही, अशा बेताने तो वळवावा. चाळीत शेजार हीच सर्वांत जुनी आणि सर्वांत भरवशाची सुरक्षा यंत्रणा आहे. कॅमेऱ्यापायी ती गमावण्यात अर्थ नाही. इमारत वारसा यादीत असेल तर दर्शनी भागावर काही बसवण्यापूर्वी महापालिकेकडे चौकशी करणे भाग आहे. मुंबईत वारसा जतनाची नियमावली १९९५ पासून लागू आहे.

कोकण आणि गोव्यातील घर : येथे घर आणि फाटक यांत अंतर मोठे असते. उघड्यावरून नेलेली लांब तार वीज कडाडली की विद्युतदाबाचा झटका थेट घरात आणते आणि एका तडाख्यात रेकॉर्डर, राउटर सगळे निकामी होते. फाटकावरचा कॅमेरा बिनतारी, सौरपट्टीवर चालणारा असावा किंवा मध्ये ऑप्टिकल फायबर वापरावे. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. तांब्याची तार टाळता येत नसेल, तर दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि चांगले अर्थिंग हवे. खाऱ्या हवेत उघडे सांधे लवकर गंजतात, हेही लक्षात घ्यावे.

साठ-सत्तरच्या दशकांतील बंगला : येथे भिंती त्यामानाने पातळ असतात. घराचे रंगकाम किंवा वायरिंग नव्याने होणार असेल, तर त्याच वेळी तारेची यंत्रणा टाकून घ्यावी. अशी संधी पुन्हा पंधरा-वीस वर्षे येत नाही. लगेच यंत्रणा घ्यायची नसली तरी रिकाम्या नळ्या टाकून ठेवाव्यात.

बिनतारीची दुखणी

बिनतारी यंत्रणेचे पहिले दुखणे म्हणजे बॅटरी. दाराच्या सेन्सरची बॅटरी वापरानुसार साधारण वर्ष ते तीन वर्षे चालते. बारा सेन्सर असलेल्या घरात कुठली ना कुठली बॅटरी दर काही महिन्यांनी संपणारच. ती बदलायला स्टुलावर चढणार कोण? सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या घरात हा प्रश्न गौण नाही. असे असेल तर माळ्यावरचे आणि उंचावरचे सेन्सर तारेचे घ्यावेत आणि बिनतारी सेन्सर हाताच्या उंचीवर ठेवावेत.

दुसरे दुखणे म्हणजे लहरींत अडथळा आणणे शक्य असते. चांगले पॅनेल असा अडथळा ओळखून सूचना देते. प्रत्येक वेळी नवा संकेत पाठवणारे रिमोट घेतले, तर संकेत चोरून पुन्हा वापरता येत नाही. तिसरे, पासवर्ड. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातला मूळ पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन इंटरनेटवरील मोठमोठ्या सेवा ठप्प केल्या होत्या. त्यांत तारेने जोडलेली उपकरणेही होती. इंटरनेटला जोडलेले प्रत्येक उपकरण पासवर्ड बदलूनच सुरू करावे. भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या चाचणीचे निकष एप्रिल २०२५ पासून सक्तीचे झाले आहेत; खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा.

चौथी बाब आहे डेटाची. एक कॅमेरा सतत २ एमबीपीएस वेगाने चित्रण पाठवत राहिला, तर दिवसाला सुमारे २१ जीबी डेटा लागतो. गावाकडच्या बंद घरात सिमकार्डवर हे परवडणारे नाही. तेथे चित्रण कॅमेऱ्यातील कार्डावर साठवून फक्त हालचाल झाली की छोटा निरोप पाठवणारी व्यवस्था हवी. तारेच्या यंत्रणेत चित्रण घरातल्या हार्डडिस्कवर साठते. याच वेगाने चार कॅमेऱ्यांसाठी १ टीबीची डिस्क ११-१२ दिवस पुरते. ही डिस्क दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवू नये. चोर पहिल्यांदा तीच उचलतो.

निरोप कोणाला?

सायरन वाजला, पुढे काय? जुन्या पॅनेलमधील डायलर तांब्याच्या तारेच्या दूरध्वनीवर अवलंबून असत. तो दूरध्वनी पुष्कळ घरांतून गेला. फायबरवरचा दूरध्वनी वीज गेली की घरातल्या यंत्राबरोबर बंद पडतो. सिमकार्डाचा डायलर घेताना तो फोर-जीवर चालतो ना, हे पाहावे. केवळ टू-जीवर चालणारा स्वस्त डायलर फक्त फोर-जी सेवा देणाऱ्या कंपनीच्या सिमवर मुकाच राहतो.

निरोप जाणाऱ्यांच्या यादीत पहिले नाव परदेशातील मुलाचे नव्हे, तर पाच मिनिटांत दारात पोहोचू शकणाऱ्या शेजाऱ्याचे असावे. त्याखाली गावातील नातलग आणि मग मुले. आणीबाणीचा ११२ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा. वृद्धांच्या गळ्यात किंवा उशाशी ठेवता येईल असे बिनतारी बटण पॅनेलला जोडता येते. रात्री न्हाणीघरात पाय घसरला तर याच बटणाचा उपयोग होतो. अनेक घरांत चोरापेक्षा या बटणाची गरज जास्त वेळा पडते.

काम देण्यापूर्वी

ठेकेदाराला पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत.

- भिंतीला आणि चौकटीला कोठे कोठे भोक पडणार? गिलावा चुन्याने भरून देणार का?
- बिनतारी सेन्सर कोणत्या कंप्रतेवर चालतात? सगळी दारे बंद ठेवून चाचणी करून दाखवणार का?
- एखादा सेन्सर बंद पडला तर पॅनेल किती वेळात सांगते?
- वीज गेल्यावर पॅनेल किती तास आणि कॅमेरे किती तास चालतात?
- सर्व पासवर्ड आणि वायरींचा नकाशा घरमालकाच्या हाती देणार का?
- पहिल्या पावसाळ्यानंतर तपासणीला येणार का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जुन्या घरात बसवलेली यंत्रणा एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहिल्याशिवाय स्थिरावत नाही. त्या काळात खोटे अलार्म येणारच. ते दुरुस्त करून घेतले नाहीत तर घरातली माणसे कंटाळून एके दिवशी बटण बंद करतात आणि मग ते कायमचे बंद राहते.

थोडक्यात, जेथे भिंतीला न दुखवता तार नेता येते तेथे तार, जेथे नेता येत नाही तेथे बिनतारी, असा मेळ बहुतेक जुन्या घरांना मानवतो. प्रमाण किती ठेवायचे, हे मात्र घरात राहणाऱ्या माणसांकडे पाहून ठरवावे. दर महिन्याला चाचणी कोण घेणार, बॅटरी कोण बदलणार, सायरन वाजल्यावर कोण उठणार, या तीन प्रश्नांपुढे तीन नावे लिहिता आली तरच खरेदीला निघावे. त्याआधी दाराचा जुना अडसर, कडी-कोयंडा आणि बिजागऱ्या सुताराकडून नीट करून घ्याव्यात. अलार्म चोराची खबर देतो. त्याला अडवण्याचे काम आजही दारच करते.